नवसाची मुदत, हाडाची मुदत

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. वर्धा-हिंगणघाट गाडीत दिवसभर तिकिटं फाडून घरी आले की चहा घेताना मला चिडवायचे, "मी हात चालवून पगार घेतो, तू हात न लावता घेते." बोलणं खोचक असलं तरी त्यात खोटं काही नव्हतं. नोकरीतली निम्मी अक्कल मी एका वस्तूला हात न लावण्यात खर्च केली, आणि बाकीची निम्मी दुसऱ्या कुणाला तो लावू न देण्यात.

मी हाडांच्या ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते. वर्ध्याच्या कडेला जी मोठी रुग्णालयं उभी आहेत त्यांपैकी एकात. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की ओळखीचे लोक लगेच नंबर लावून द्यायला सांगतात आणि मी आता निवृत्त आहे. माझ्याकडे सांधे बदलण्याचं टेबल होतं. त्यातही जास्त करून खुब्याचा सांधा, म्हणजे मांडीचं हाड कमरेला जिथं जोडलेलं असतं तो. तिथला गोळा झिजला, मोडला किंवा कुजला की तो काढून टाकतात आणि मांडीच्या पोकळ हाडात धातूचा एक दांडा ठोकून बसवतात. दांड्याच्या टोकावर नवा गोळा. ऐकायला सुतारकामासारखं वाटतं, आणि थिएटरात येणारा ठोकाठोकीचा आवाजही थेट तसाच असतो. नव्या मुली पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून पांढऱ्याफटक पडतात.

हा दांडा हाडात पक्का बसवायच्या दोन तऱ्हा आहेत. एक सिमेंटची. हे सिमेंट वेगळं असतं, कणकेसारखं मळायचं, हाडाच्या पोकळीत भरायचं, त्यात गुळगुळीत दांडा खुपसायचा आणि घट्ट होईपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. म्हाताऱ्या माणसांना हे बरं, कारण दुसऱ्या दिवशी चालता येतं. दुसरी तऱ्हा बिनसिमेंटची, बहुधा तरुण माणसांसाठी. त्यांना पुढं चाळीस-पन्नास वर्षं चालायचं असतं, तेव्हा मधे काही न घालता त्यांच्या स्वतःच्या हाडानंच दांडा धरून ठेवावा असा हिशेब. त्यासाठी त्या दांड्याच्या वरच्या भागावर एक थर दिलेला असतो. रंगानं राखाडी-पांढुरका, दिसायला खरखरीत, पॉलिश पेपरसारखा. ज्या क्षारांनी आपलं हाड बनतं तेच क्षार प्रचंड तापवून धातूवर फवारलेले. हाड हळूहळू त्या थरापर्यंत येतं, त्याच्या बारीक खळग्यांत शिरतं आणि दांडा आपलाच असल्यासारखा धरून बसतं.

हा थर म्हणजे माझा जीव की प्राण. दांडा दोन-दोन सीलबंद डब्यांतून यायचा. मी तो उघडायचा आणि थराला कुणाचा हात, कापड, धागा, पाण्याचा थेंब न लागता सरांच्या हातातल्या ठोकायच्या अवजारावर चढवून द्यायचा. सर म्हणजे आमच्या युनिटचे मुख्य सर्जन. दांडा हाडात जाईपर्यंत मी कुणाला शिंकू देत नसे. सरांनाही नाही.

आता गंमत अशी की आपल्याकडे कुठलीही चांगली वस्तू चकचकीत असायला पाहिजे. पितळेचं भांडं असो, स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, असो की लग्नात मिळालेलं ताम्हण, त्यात तोंड दिसलं नाही तर बाई आळशी. त्यामुळं ओपीडीत नमुना दाखवायची वेळ आली की माझी पंचाईत व्हायची. आमच्याकडे दोन नमुने होते, एक सिमेंटचा गुळगुळीत आणि एक थराचा खरखरीत. हिंगणघाटचे एक निवृत्त हेडमास्तर आपल्या मुलाला घेऊन आले होते. मुलाच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. सरांनी खरखरीत दांडा दाखवला तसे मास्तरांनी चष्मा काढून तो निरखला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सिस्टर, हा वापरलेला तं नाई ना?"

"नाही हो मास्तर, कोरा आहे."

"मंग असा काऊन दिसून राह्यला? आम्ही एकुलत्या एक पोराले सेकंडचा माल बसवनार नाई. हा दुसरा पाह्य, किती लख्ख हाय."

सरांनी हसू दाबत खिडकीबाहेर पाहिलं. मी मास्तरांना विचारलं, तुमच्या घरच्या पांढऱ्या भिंतीला नवा गिलावा करायचा असेल तर मिस्त्री आधी काय करतो? मास्तर म्हणाले, टोचे मारतो. कशाला? गिलावा धरून राहावा म्हणून. म्हटलं, इथं टोचे कंपनीनं मारून दिले आहेत, गिलावा तुमच्या मुलाचं हाड करेल. मास्तर मुकाट्यानं सही करून गेले. ऑपरेशननंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे टोच्यांचं उदाहरण ते स्वतःचं म्हणून सांगत होते, ते मी वॉर्डात उभी राहून ऐकलं.

अशीच आमची नंदा. थिएटरात नवीनच लागलेली, कामाला वाघीण. घरी सासूनं भांडी घासून घासून तयार केलेली. पहिल्याच आठवड्यात दांडा डब्यातून निघाला आणि त्याच्या थरावर रक्ताचा एक बारीक शिंतोडा उडाला. नंदाच्या हातात ओला गॉज होताच. पोरीनं विचार न करता तो पुसायला हात पुढं केला. मी अशी ओरडले की भूल दिलेला पेशंटसुद्धा उठेल असं भूलतज्ज्ञांना वाटलं. रक्त चालतं, ते पेशंटचंच असतं. पण गॉजचा एक धागा त्या खरखरीत थरात अडकला की काढता येत नाही आणि हाडाला तो खपत नाही. नंदा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज तीच ते टेबल सांभाळते आणि म्हणे माझ्यापेक्षा जास्त ओरडते.

हाड त्या थराशी आत काय करतं, हे मात्र मी बरीच वर्षं नुसतं ऐकूनच होते. मग एकदा पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. कुणा विद्यार्थ्याच्या अभ्यासासाठी शेळ्यांच्या हाडात छोटे स्क्रू बसवले होते, काही साधे गुळगुळीत, काही थराचे. नंतर हाडासकट कापून, घासून घासून, उजेड आरपार जाईल इतक्या पातळ चकत्या केल्या होत्या. धातू काळा दिसतो, हाड गुलाबी. गुळगुळीत स्क्रूच्या चकतीत काळ्याच्या आणि गुलाबीच्या मधे बऱ्याच ठिकाणी एक फिकट पट्टा होता. मॅडम म्हणाल्या, ही मऊ पेशींची पातळ कातडी, इथं हाड धातूपर्यंत आलंच नाही. मग त्यांनी दुसरी चकती लावली. तिथं गुलाबी रंग थेट काळ्याला जाऊन भिडला होता, थराच्या प्रत्येक खळग्यात शिरलेला. मी डोळा हलवायलाच तयार नव्हते. इतकी वर्षं आपण ज्याला जपलं ते असं उपयोगाला येतं हे पाहून मला अक्षरशः भरून आलं. मॅडमना वाटलं माझ्या डोळ्यात काही गेलं.

मी विचारलं, "थर असला म्हणजे हाड येतंच का?" मॅडम म्हणाल्या, येतंच असं नाही. थर बोलावतो. पण सुरुवातीचे महिने दांडा हलता कामा नये. हलत राहिला तर हाड येत नाही, त्याच्याऐवजी तीच मऊ कातडी तयार होते. थर वाईट असेल, नको इतका जाड असेल, तर तो सुटून त्याचे कणही त्रास देतात.

कातडीची गोष्ट मी पुढं प्रत्यक्ष पाहिली. एक ट्रक ड्रायव्हर होता, पस्तिशीचा, हसरा. दुखणं थांबलं म्हणून सांगितलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी तो परत स्टिअरिंगवर बसला. वर्षभरात मांडी परत दुखायला लागली. ऑपरेशन पुन्हा करावं लागलं तेव्हा सरांनी हातोडी उचलायच्या आधीच दांडा त्यांच्या हातात आला. मागं हाडाच्या आतून गुळगुळीत पांढरट अस्तर. दुसरा दांडा बसवला, पण माणूस लंगडत गेला तो लंगडतच राहिला. त्याला मी डिस्चार्जच्या वेळी दोन वाक्यं जास्त सांगायला पाहिजे होती, असं मला अजून वाटतं.

हे सगळं सांगितलं ते रंजनासाठी.

रंजना अल्लीपूरची. वय तिशीच्या आत, शिलाईचं छोटं दुकान. लहानपणापासून सिकलचा आजार. आपल्या भागात सिकल कुणाला समजावून सांगावा लागत नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि पलीकडं रक्त पोचत नाही. खुब्याच्या गोळ्याला रक्त मिळालं नाही की तो आतून कुजतो. रंजनाचा डावा गोळा तसा कुजून खचला होता. ती काठी घेऊन चालायची आणि तिच्या मशीनला भावानं मोटर बसवून दिली होती, पण तिला मोटर आवडायची नाही. "सिस्टर, मोटर पयते अन् मी तिच्या मांगं पयतो. मले पायानं मशीन चालवाची हाय. काजं तं पायाच्याच मशीनवर बरोबर होते."

बिनसिमेंटचा थराचा दांडा बसवायचं ठरलं. पण सरांनी तिला आणि तिच्या आईला आधीच स्पष्ट सांगितलं, की हिचं हाड रक्ताला मुकलेलं आहे, थर बोलावेल पण हाड यायला नेहमीपेक्षा वेळ लागेल. आणि एकदा फसलं तर दुसरं ऑपरेशन सिकलच्या पेशंटला सोपं नाही, जिवावरही बेतू शकतं. तेव्हा जे करायचं ते याच एका वेळेत.

आई सुभद्राबाई. उंच, काटक, आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. ती मुलीची वेणी घालता घालता बाकीच्या पेशंटांचीही विचारपूस करायची आणि कुणाचं जेवण उरलं तर त्यांना रागवायची. पोळा झाल्यावर ऑपरेशन झालं. छान झालं. दांडा हाडात बसला तसा ठोक्याचा आवाज बदलला. तो आवाज बदलला की आम्ही सगळे एकमेकांकडे बघतो, दांडा घट्ट बसला त्याची ती खूण.

तिसऱ्या दिवशी रंजना वॉकर धरून उभी राहिली आणि रडायला लागली. मी घाबरले. "काय झालं गं? दुखतंय?"

"नाई वो सिस्टर. दुखूनच नाई राह्यलं!"

सुभद्राबाईंनी तिथंच पदर पसरून दक्षिणेकडं तोंड करून हात जोडले. मी हसले आणि कामाला लागले. त्या वेळी मला विचारायचं सुचलं नाही, की बाई, हात कुणाला जोडलेत आणि कशासाठी.

डिस्चार्जच्या वेळी मी स्वतः सांगितलं: सर सांगेपर्यंत वॉकर सोडायचा नाही, डावा पाय जमिनीला नुसता टेकवायचा, पायऱ्या नाहीत. दोघींनी माना डोलावल्या. ड्रायव्हरची गोष्टही सांगितली. सुभद्राबाई म्हणाल्या, "बापा, काय मानूस! डाक्टरचं आयकू नाई का?"

दसरा झाल्यावर रंजना तपासणीला आली. वॉकर होता. चेहऱ्यावर तेज होतं. सुभद्राबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला. "घे सिस्टर. मलिदा हाय. गिरडचा."

मी झाकण उघडून प्रसादाची चिमूट तोंडात टाकली होती. ती तशीच राहिली. "गिरडला गेल्ता? कोण कोण?"

"आमी सगये. रंजना, मी, भाऊ, मामा. गाडी केलती."

"टेकडीवर कोण गेलं?"

"नवस रंजनाचा, तं रंजनाच जाईन ना! स्वतःच्या पायानं चढली माही लेक. एक पायरी नाई सोडली."

गिरडची टेकडी आणि तिच्यावरचा बाबांचा दर्गा आमच्या जिल्ह्यात कुणाला माहीत नाही? माझं माहेर समुद्रपूर तालुक्यातलं, अंगणात उभं राहिलं की ती टेकडी दिसायची. पायऱ्या किती आहेत ते मी कधी मोजलं नाही, पण सहा आठवड्यांच्या खुब्यानं चढायच्या त्या नक्कीच नव्हेत.

मी डबा टेबलावर ठेवला. "सुभद्राबाई, मी पायऱ्या चढू नका म्हणून सांगितलं होतं की नाही?"

"सांगतलं होतं ना. पन थे घरच्या पायऱ्या, दुकानाच्या पायऱ्या. आमी एकही नाई चढू देली. हे तं नवसाचं हाय. मी बाबाले म्हटलं होतं, लेकीचं दुखनं थांबलं का तिले पायानं वर आनतो अन् मलिदा वाटतो. दुखनं तं तिसऱ्याच दिवशी थांबलं! लोक म्हनून राह्यले, सुभद्रे, दुखनं थांबून महिना झाला, अजून काऊन थांबली? मी तं उलट उशीर केला सिस्टर."

मी डब्याचं झाकण लावून टाकलं. तिच्या बाजूनं पाहिलं तर ती खरंच उशिरा गेली होती. नवसाची मुदत दुखण्यावर ठरली होती, आणि दुखणं तर कुजका गोळा काढला तेव्हाच संपलं. हाडाची मुदत वेगळी असते, ती कुठं दुखून कळत नाही. हे आम्ही दोघींना पुरेसं सांगितलंच नव्हतं.

एक्स-रे काढला. सरांनी पहिला फोटो आणि नवा फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले आणि पट्टीनं अंतर मोजलं. मग म्हणाले, "दांडा खाली सरकलाय."

थोडासाच सरकला होता. कधी कधी तेवढा सरकतो आणि तिथं घट्ट बसतोही. पण तो बसून थांबला आहे की अजून हलतोय, हे त्या दिवशी कुणालाच सांगता येणार नव्हतं. हलत असेल तर थराभोवती कातडी धरणार आणि मग पुढचं सगळं ड्रायव्हरसारखं, वर सिकल. सरांनी रंजनाला तेच सांगितलं, आवाज न चढवता. संक्रांतीपर्यंत पाय फक्त टेकवायचा. मग बघू.

सुभद्राबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. इतका मोठा आवाज असलेली बाई, पण रडताना आवाज नव्हता. रंजनानं आईकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "तिले काई बोलू नका सिस्टर. चढतानी मले लय बरं वाटलं होतं. दहा वर्षानं चढली मी."

तिला मी काय बोलणार? मलाच कुणीतरी बोलावं असं वाटत होतं.

ते तीन महिने मी नवससंशोधनात घालवले. वॉर्डात भरती होणाऱ्या प्रत्येकाला नाव, गाव, औषधांची ॲलर्जी विचारून झाली की मी खुर्ची ओढून बसायची आणि विचारायची, "नवस काय बोललात?" आधी लोक लाजायचे. मग जे बाहेर पडायला लागलं त्यानं माझे डोळे पांढरे झाले. एकजण खुबा बरा झाला की देवळाभोवती लोटांगण घालणार होता. एका मावशींनी घरी गेल्यागेल्या मांडी घालून जमिनीवर बसून सात सवाष्णी जेवू घालायच्या ठरवल्या होत्या, आणि नव्या खुब्याला मांडी घालणं म्हणजे गोळा निखळायला आमंत्रणच. एक पैलवान गडी तर नव्या सांध्यावर पहिली बैठक हनुमानापुढंच मारणार होता.

मी कुणाला नवस मोडायला सांगितलं नाही, तो मोडायचा नसतो. मी फक्त मुदत बदलायला सांगायची. "देवाला परत एकदा जाऊन सांगा. म्हणा, दुखणं थांबल्यावर नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा. देव समजून घेतो, हाड समजून घेत नाही." मावशींनी वॉर्डातल्या खिडकीतूनच सवाष्णींची तारीख पुढं ढकलली. सुरुवातीला डॉक्टर पोरंपोरी तोंड लपवून हसायची. पण काही दिवसांनी राउंडवर सरांनीच गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सिस्टर, याचा नवस विचारला का?" त्या दिवसापासून हसणं बंद झालं आणि ती पद्धतच पडली.

संक्रांत झाली. रंजना आली. मधल्या काळात तिनं खाटेवर बसून हातानं इतकी काजं केली होती की अल्लीपुरातल्या शर्टांना बटणं कमी पडली असतील. ती एक्स-रेच्या खोलीत गेली. सुभद्राबाई बाहेर बाकड्यावर बसल्या, हात मांडीखाली दाबून. मी म्हटलं, "आता काही बोलू नका बाबाला."

"नाई बोलत वो. मले आता भेव वाटते."

इथं मला एक सांगायचंय. आमचं घर बौद्ध. वडील शाळामास्तर, कडक. गिरडची टेकडी रोज डोळ्यासमोर असून आम्हा भावंडांना त्यांनी कधी वर जाऊ दिलं नाही. म्हणायचे, मागायचं ते स्वतःकडं मागा, अभ्यास करा. मी आयुष्यात कुणाकडं नवस बोलले नव्हते. आणि त्या दिवशी, एक्स-रेच्या दारावरचा लाल दिवा लागला तसं माझ्या मनात आपोआप आलं: गिरडच्या बाबा, या पोरीच्या हाडानं दांडा धरू दे. मी येते वर. स्वतःच्या पायांनी येते. मी स्वतःच दचकून इकडंतिकडं पाहिलं, वडील ऐकत असल्यासारखं.

फोटो पडद्यावर आला. दांडा दसऱ्याला होता तिथंच होता, केसभरही खाली नाही. सरांनी पेन उचलून थराच्या बाजूला नेलं. हाडाच्या आतल्या कडेपासून थराकडं पांढुरक्या रेषा निघाल्या होत्या आणि थराला जाऊन मिळाल्या होत्या. मॅडमच्या चकतीत जे गुलाबी दिसलं होतं तेच इथं पांढरं दिसत होतं.

"धरलं," सर म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. सुभद्राबाई उठून उभ्या राहिल्या. "बाबानं धरलं!"

सर म्हणाले, "मावशी, बाबाचं मी नाही म्हणत नाही. पण त्या थरानं मोठं काम केलं बघा."

मीही घाईघाईनं म्हणाले, "आणि थराला कुणाचा हात लागू दिला नव्हता, ते?"

रंजना आमच्या तिघांकडं पाहत होती. ती म्हणाली, "हाड तं माहं व्हय ना! तीन महिने खाटेवर म्याच काढले. माह्या हाडाले कोनीच शाबास नाई म्हनून राह्यलं!"

सर इतके हसले की बाहेरच्या रांगेतली माणसं दारातून डोकावली. मी त्या मुलीच्या मांडीवर हात ठेवून म्हटलं, शाबास. बरोबर जिथं आत थर होता तिथं. त्या दांड्याला मी लावलेला तेवढाच हात.

रंजना आता पायानं मशीन चालवते. माझी पोलकी तीच शिवते आणि दर वेळी एक माप चुकवते, कारण तिचं लक्ष बोलण्यात असतं. सिकल आहेच, तो जात नाही, मधूनमधून भरती व्हावं लागतं. पण खुबा छान आहे.

आणि माझा नवस तसाच राहिला होता. आधी नोकरी, मग निवृत्ती, मग माझा उजवा गुडघा. तीसेक वर्षं थिएटरात उभी राहिले त्याची वसुली त्यानं सुरू केली. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पण यंदा पोलक्याचं माप देता देता मी रंजनाला सहज विचारलं, "गिरडला बसायला मधे जागा आहे का गं पायऱ्यांवर?" ती टेप हातात धरून थांबली. शिवणाऱ्या बाईपासून काही लपत नाही. "सिस्टर, तुमीबी बोलल्या? कवा?" मी सांगितलं. ती हसली नाही. टेप गळ्यात टाकला आणि म्हणाली, "मंग जाऊ ना. मी हाव."

माझा गुडघा बदलायचा ठरलाच आहे. ऑपरेशननंतर चढायचं की आधी, यावर घरात वाद झाला. मी म्हटलं, मी बोलले त्यात गुडघ्याची अट नव्हती, स्वतःच्या पायांनी एवढीच होती. सरांना विचारलं. ते म्हणाले, सावकाश चढा, असाही तो गुडघा आम्ही फेकणारच आहोत. आणि वर हेही सांगितलं, की तुमच्या वयाला आम्ही सिमेंटचा बसवू. म्हणजे बघा. सगळी नोकरी खरखरीत थर जपण्यात घालवली आणि माझ्या वाट्याला आलं कणकेसारखं मळलेलं सिमेंट. नंदा फोनवर खोखो हसली. म्हणाली, "सिस्टर, सिमेंट मी स्वतः मळतो तुमच्यासाठी."

तर गेल्या महिन्यात आम्ही गेलो. रंजना, सुभद्राबाई, मी, आणि मागं थर्मास घेऊन आमचे हे, "पुढे चला, पुढे चला" असं सवयीनं ओरडत. मी दर थोड्या पायऱ्यांनी थांबत होते. रंजना एक पायरी पुढं राहून मला हात देत होती. डावा पाय आधी टाकायची, नवाच. मी तो पाय बघत बघत चढले. अर्ध्या वाटेवरून खाली पाहिलं तर माझ्या माहेरच्या बाजूचं शिवार दिसत होतं. जिथं उभी राहून मी लहानपणी टेकडी बघायची तिथून ती बरीच उंच वाटायची. वडिलांची आठवण झाली. ते रागावले असते, आणि मग गुपचूप विचारलं असतं, चढली ना पूर्ण?

वर पोचलो. सुभद्राबाईंनी मलिदा पुढं ठेवला, डोक्यावरून पदर घेतला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे आख्ख्या टेकडीला ऐकू जाईल असं, सुरू केलं:

"बाबा, हे आमची सिस्टर. इचा गुडघा बदलून राह्यले. चांगला होऊ दे. मी इले परत घेऊन येतो तुह्याकडं, मलिदा घेऊन. दुखनं थांबलं म्हून नाई येनार, आताच सांगतो. हाड पक्कं झालं, डाक्टर म्हनला जा, तवाच येऊ. साल लागलं तं साल लागलं. तू वाट पाह्यजो."

मी तिला हळूच कोपर मारलं. "अवं सुभद्राबाई, माझ्या गुडघ्यात सिमेंट टाकणार आहेत. मी दुसऱ्या दिवशी चालेन."

सुभद्राबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"तू गप ऱ्हाय वो सिस्टर," त्या म्हणाल्या. "तुले काय समजते हाडातलं!"